खट् वाजलं म्हणजे झालं?

आमच्या वर्गात जुन्या गाड्यांची आवड असणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, नट किती आवळायचा हे चांगल्या मिस्त्रीच्या हातालाच कळतं, त्याला टॉर्क रेंच कशाला हवा? दुसरा पक्ष म्हणतो, मॅन्युअलमधला आकडा रेंचवर लावा, ‘खट्’ वाजलं की विषय संपला. दिवाळीच्या सुटीपर्यंत मी दुसऱ्या पक्षात होतो. आता मी दोन्ही पक्षांत नाही. का, ते सांगतो.

आमच्या घरी 2004 ची मारुती 800 आहे. हे मॉडेल डिसेंबर 1983 मध्ये आलं आणि जानेवारी 2014 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आता बाजारात निरनिराळ्या लोकांनी बनवलेले पार्ट मिळतात. काही उत्तम असतात, तर काही फक्त दिसायला तसेच असतात. आमच्या गाडीचे पुढचे दोन्ही स्ट्रट माउंट गेले होते. शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग मिळून पुढच्या चाकावर जो खांब उभा असतो, तो स्ट्रट. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीच्या पत्र्याला धरून ठेवणारा रबरी भाग म्हणजे माउंट. चाकाला बसलेला प्रत्येक दणका त्यातूनच बॉडीपर्यंत जातो आणि स्टिअरिंग वळवलं की स्ट्रट त्याच्यावरच फिरतो.

बाबा ईएमईतून निवृत्त झालेत. यंदा ते म्हणाले, “तू कर, मी बघतो.” स्प्रिंग मात्र त्यांनी मला एकट्याला सोडू दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट दाबून धरल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट सोडला, तर शेकडो किलोंच्या जोराने ती उसळते. पुढचं सगळं मी केलं. रॉड पक्कडीत धरला नाही, कारण त्यावर ओरखडा पडला की सील फाटून तेल गळतं. पत्र्यावरचा गंज आणि सुटलेला रंग घासून काढला, कारण दोन पृष्ठभागांमध्ये असा थर राहिला तर तो पुढे चुरडतो आणि आवळलेला नट आपोआप सैल पडतो. मग उसना आणलेला टॉर्क रेंच लावला. एकेक नट आवळला. खट्, खट्. हात पुसले आणि आईला सांगितलं, “गाडी तयार आहे.”

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. आई आणि ताई आंबा घाटाने रत्नागिरीला मामाकडे जाणार होत्या. ताई गाडी चालवणार होती.

संध्याकाळी बाबा म्हणाले, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येऊ. गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूने ‘टुक्’ असा आवाज आला. मी म्हणालो, “नवीन रबर आहे, बसेल.” बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, मला डाव्या माउंटच्या कडेवर बोट ठेवायला सांगितलं आणि ताईला म्हणाले, “स्टिअरिंग हळूहळू फिरव.” माउंटची तबकडी पत्र्यावर सरकत होती. अगदी थोडी, पण बोटाला स्पष्ट कळत होती.

मी पुन्हा रेंच लावला. पुन्हा खट् वाजलं. म्हणजे रेंचच्या मते नट पूर्ण आवळलेला होता आणि माउंट मात्र सैल होता.

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. त्या माउंटच्या स्टडवर आटे पुरेसे खालपर्यंत कापलेले नव्हते. नट आटे संपेपर्यंत खाली गेला आणि तिथेच अडकला. पत्र्याला तो जेमतेम टेकला होता, पण पत्रा दाबत नव्हता. माझा सगळा जोर स्टडच्या गुळगुळीत भागाशी भांडण्यात गेला होता.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकते ती या दाबामुळे. पण आपण रेंचने जे मोजतो ते हा दाब नसतं, फिरवायला लागणारा जोर असतो. त्या जोरातला साधारण 10 टक्केच भाग बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. आट्यांना तेल लागलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, गंज असेल तर कमी. आणि आटेच संपले असतील तर अजिबात नाही. रेंच खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर तो देतो.

म्हणून हाताच्या अंदाजाचा पक्ष जिंकला का? नाही. डोक्यावर 8.8 लिहिलेला 8 मिमीचा साधा बोल्ट घ्या. त्याला साधारण 25 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 25 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 10 किलोचा जोर. पान्याला पाइप जोडून तो 75 सेंटिमीटर केला, तर तेवढ्याच जोरात तिप्पट टॉर्क लागतो आणि बोल्ट तुटतो किंवा तुटायच्या बेतात येऊन राहतो. हा फरक थकलेल्या हाताला रात्री आठ वाजता कळत नाही. रेंच हवाच. पण तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

मिस्त्रीकाका म्हणाले, नटाखाली दोन वॉशर टाका, काम होऊन जाईल. नट तेवढा वर थांबला असता हे खरं. पण ज्याने आटे चुकवले त्याने रबर आणि बेअरिंग बरोबर केलं असेल, यावर मी का विश्वास ठेवू? आम्ही तो माउंट परत केला. आई आणि ताई भाऊबीजेला एसटीने गेल्या. दोन दिवसांनी दुसरा माउंट मिळाला. तो बसवण्याआधी मी जुन्याशेजारी ठेवून उंची, स्टडमधलं अंतर आणि आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजली. नायलॉन कडीचे जुने नट पुन्हा न वापरता नवे घेतले. आवळल्यावर प्रत्येक नटापासून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. काही दिवस गाडी चालवून नट पुन्हा तपासले आणि अलाइनमेंट करून घेतली.

आता खरी गोष्ट, जी मी त्या संध्याकाळी बाबांनाही सांगितली नव्हती. तो नट अडकला तेव्हा माझ्या हाताला ते कळलं होतं. चांगला नट आवळताना हळूहळू जड होत जातो. हा एकदम थांबला होता, भिंतीला धडकल्यासारखा. मला क्षणभर वाटलंही, असं का? पण पाठोपाठ खट् वाजलं, भूक लागली होती, आणि ‘मी एकट्याने केलं’ हे आईला सांगायचं होतं. ती शंका मी गिळली. पार्ट वाईट होता हे खरं आहे, पण “तयार आहे” हे शब्द माझे होते. त्या शब्दांच्या भरवशावर ताई घाट उतरणार होती.

फायरिंग रेंजवर गोळ्या संपल्या की आपण “रायफल खाली आहे” असं नुसतं म्हणत नाही. चेंबर उघडून दाखवतो आणि दुसरा माणूस त्यात डोळ्यांनी बघतो. त्याचा कोणाला अपमान वाटत नाही. मग बाकीच्या ठिकाणी का वाटतो? ऑब्स्टॅकल कोर्सचा दोर, ट्रेकला नेलेला स्टोव्ह, रूम इन्स्पेक्शनची यादी, सगळीकडे आपण खूण करतो आणि “येस सर” म्हणतो. माझ्या मते, त्यातल्या बऱ्याच खुणा माझ्या ‘खट्’सारख्याच असतात. आकडा जुळलेला असतो, पण जोड धरली आहे का ते कोणी हलवून पाहिलेलं नसतं.

माझ्या बॅचमेट्सना मला एवढंच सांगायचं आहे की केलेलं काम दुसऱ्याला तपासू द्या आणि हाताला आलेली शंका मोठ्याने बोला. सरांना विनंती आहे की “सर, हे मी केलं, पण खात्री नाही” असं म्हणणाऱ्या कॅडेटला शिक्षा करू नका. ते वाक्य महाग पडलं, तर पुढच्या वेळी तो “येस सर” म्हणेल. आणि पालकांनी सुटीत आम्हाला गाडीखाली जाऊ द्यावं, पण नंतर पेट्रोल पंपापर्यंत स्वतः चक्कर मारून यावं.

सुटी संपून निघताना मी बॉनेट उघडून पाहिलं. सगळ्या रेघा अखंड होत्या. बाबांनी मागून येऊन पुन्हा एकेका रेघेवर बोट फिरवलं. या वेळी मला राग आला नाही.