नायिकेच्या बळाचे मोजमाप

लोकप्रिय चित्रपट आणि मालिकांच्या संदर्भात ‘सशक्त स्त्री-व्यक्तिरेखा’ हा शब्दप्रयोग समीक्षक आणि जाहिरातदार सारख्याच सहजतेने करीत असले, तरी हे सशक्तपण नेमके कशात पाहावयाचे याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार, जी नायिका पुरुषाच्या बरोबरीने मारामारी करते, घोडा किंवा मोटार दामटते आणि खलनायकाला लोळवते, ती सशक्त होय. दुसरे मत असे, की भारतीय स्त्रीचे खरे बळ सोशिकतेत असून लढणारी नायिका ही केवळ परक्या चित्रपटांची नक्कल आहे.

पहिल्या मताला वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’चा (१९३५) आधार घेता येतो. त्यात चाबूक चालविणाऱ्या अभिनेत्री नादियाने प्रेक्षकांना दिलेला आनंद खोटा नव्हता. परंतु तिच्या जागी एखादा राजपुत्र कल्पिला, तरी कथानकाचा सांगाडा फारसा बदलत नाही. याउलट, दोनच वर्षांनी आलेल्या प्रभातच्या ‘कुंकू’मधील (१९३७) नीरेच्या जागी पुरुष कल्पिताच येत नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी बेतलेल्या या चित्रपटात फसवणुकीने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली ही मुलगी त्याला पती मानण्याचे साफ नाकारते, आणि तिच्या या नकारापासूनच पुढील सर्व घटना उद्भवतात. शांता आपटे यांनी साकारलेल्या नीरेचे बळ मनगटाचे नसून निर्णयाचे आहे.

‘सैराट’मधील (२०१६) आर्चीविषयीही असाच गैरसमज आढळतो. तिची बुलेट आणि तिचा ट्रॅक्टर यांचे कौतुक पुष्कळ झाले. पण गावातील तिच्या बेधडकपणामागे वडिलांची सत्ता आणि जातीचा दबदबा उभा आहे. गावातून पळून हैदराबादच्या वस्तीत आल्याने हे पाठबळ सुटल्यावर, परक्या भाषेत आणि कारखान्यातील मजुरीवर ती संसार उभारते, तेव्हाच तिचे स्वतःचे बळ कसाला लागते.

दुसरे मत अधिक चिवट आहे, कारण त्याला प्रेक्षकांच्या अश्रूंची साक्ष मिळते. ‘माहेरची साडी’ (१९९१) पाहताना रडलेल्या असंख्य स्त्रियांना नायिकेच्या छळात ओळखीचे काही दिसले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र सोसण्याची शक्ती मोठी असली, तरी जिला सोसण्यावाचून गत्यंतरच ठेवलेले नाही तिच्या सहनशीलतेला सद्गुण म्हणून गौरविणे, हे अन्यायाला अलंकार चढविण्यासारखे आहे.

तेव्हा मोजमाप निराळे हवे. जी व्यक्तिरेखा स्वतः निर्णय घेते, जिच्या निर्णयाने कथानकाला वळण मिळते आणि त्या निर्णयाची किंमत जिला कथा खरोखर मोजावयास लावते, ती सशक्त म्हणावी. ‘उंबरठा’मधील (१९८२) सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक होण्यासाठी घर सोडते, परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी तिला विजयी केलेले नाही, पण तिचा निर्णय फिरविलेलाही नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की नीरेची सुटका अखेर वृद्ध पतीच्या आत्महत्येने होते. मग तिचा निर्णय प्रभावी कसा मानावा? शेवटची कृती पतीच्या हाती देणे ही त्या कथेची मर्यादा खरीच. परंतु त्याला स्वतःच्या अपराधाची जाणीव होते ती नीरेच्या नकारामुळेच, हे विसरता येत नाही.

दैनंदिन मालिकांना हा निकष लावला असता अडचण लेखकाच्या वृत्तीइतकीच रचनेतही आहे, असे दिसते. रोज नवा भाग द्यावयाचा असल्याने संघर्ष संपून चालत नाही. ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती घटस्फोट घेते आणि पुनर्विवाहही करते, हे मराठी मालिकेच्या दृष्टीने मोठे पाऊल होते, तरीही कथा तिला पूर्वीच्या सासरच्या पेचांकडे वारंवार ओढून आणते. निर्णय घेण्याची मुभा नायिकेला मिळते, पण तो तडीस नेण्याची मुभा कथानकाला नसते. म्हणून नायिकेने घर सोडले की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ती गेल्यावर कथा तिच्याबरोबर बाहेर पडते, की त्याच घरात थांबून तिच्या परतण्याची वाट पाहते, हेही पाहावे लागते.