लिस्बनची चावी कुणाच्या हातात?

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची लेक जर्मनीत नोकरी करते. तीन दिवसांची सुट्टी काढून ती पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहून आली आणि आम्हाला फोटोंची मेजवानीच मिळाली. अरुंद गल्ल्यांतून चढ चढणारी २८ नंबरची पिवळी ट्राम, खारवून सुकवलेला कॉड मासा, ‘विन्यू व्हेर्द’ नावाची हलकी वाइन. (वाइन म्हटल्यावर दोघींनी नाक मुरडलं, ते असो.) बेलेम भागातल्या १८३७ पासूनच्या दुकानातले अंड्याच्या बलकाचे टार्टही होते. मठातल्या नन कपड्यांना खळ म्हणून अंड्याचा पांढरा भाग वापरायच्या, उरलेल्या बलकाचं करायचं काय, म्हणून ही मिठाई निघाली असं सांगतात. बाईची काटकसर सगळीकडे सारखीच!

माझी नजर मात्र एका फोटोवर अडली. जुन्या दाराशेजारी आकडे जुळवून उघडायच्या छोट्या लोखंडी पेट्या, एकाखाली एक. पर्यटक येतो, आकडे फिरवतो, आतली चावी घेतो. घरमालकाचं तोंडही बघावं लागत नाही. ‘चावी’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, बटाटा आणि पावासारखाच. आज त्यांच्याच राजधानीत भांडण आहे ते या चावीवरून.

हे एका दिवसात झालं नाही. २०११ मध्ये पोर्तुगाल कर्जात बुडाला आणि युरोपीय संघ व नाणेनिधीकडून ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. मदतीबरोबर अटी आल्या. वर्षानुवर्षं गोठलेली भाडी वाढवणं २०१२ च्या कायद्यानं घरमालकांना सोपं झालं. मुंबईत पागडीच्या घरात ज्यांचं माहेर आहे, त्यांना हे चटकन कळेल. त्याच वर्षी पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देण्याची योजना आली. २०१४ पासून घर पर्यटकांना द्यायला नुसती नोंदणी पुरू लागली.

पैसा आला, हे नाकारून चालणार नाही. पडायला आलेल्या इमारती उभ्या राहिल्या, तरुणांना काम मिळालं. आल्फामाच्या जुन्या वस्तीत दारात बसून चेरीची ‘जिंजा’ दारू पेल्यापेल्यानं विकणाऱ्या आजीलाही चार पैसे सुटतात. पण पर्यटकाकडून आठवड्यात मिळतं ते भाडेकरू महिन्यात देत नसेल, तर मालक कुणाला घर देईल? २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन महिना ८७० युरो होतं. तेवढ्यात मध्य लिस्बनमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेणं जमण्यासारखं नाही. पर्यटकांच्या चादरी बदलणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या बायकांत केप व्हर्द, ब्राझीलहून आलेल्या कितीतरी आहेत. त्या राहतात लांब, उपनगरात, आणि पहाटेची बस पकडून कामावर येतात. मोरारिया नावाच्या वस्तीत एका ब्रिटिश छायाचित्रकार बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या रहिवाशांचे फोटो गल्लीच्या भिंतींवर लावलेत, त्यांचा मान म्हणून. आता पर्यटक त्या फोटोंचे फोटो काढतात.

लोक गप्प बसले असंही नाही. १ एप्रिल २०२३ ला हजारो जण घरांसाठी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षीच्या कायद्यानं शहरांत पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे नवे परवाने थांबवले आणि घर घेऊन परवाना मिळवायची वाटही बंद केली. पण २०२४ मध्ये सरकार बदललं, बंदी सैल झाली आणि निर्णय नगरपालिकांच्या गळ्यात पडला. राहत्या इमारतींत पर्यटकांना घरं द्यावीत का, यावर मतदान घ्या म्हणून लिस्बनकरांनी पाच हजारांवर सह्या जमवल्या. जानेवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयानं ते मतदान फेटाळलं. नगरपालिकेनं सप्टेंबर २०२४ पासून पर्यटकांवरचा कर रात्रीला २ युरोंवरून ४ युरो केलाय खरा, पण ही तर दोन-तीन टार्टांची किंमत! त्यात कुणा आजीचं भाडं भागणार?

जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. मात्र तुमच्या लेकी-सुना तिकडे असतील तर त्यांना कळवा, शक्यतो हॉटेल किंवा मालकीण स्वतः राहते असं घरगुती गेस्ट हाउस घ्या. फ्लॅटच घ्यायचा झाला, तर नोंदणी झालेल्या प्रत्येक घराला ‘एएल’ अशा अक्षरांचा क्रमांक असतो, तो जाहिरातीत आहे ना, हे आधी बघून घ्या.