दोष पिंपाचा नव्हे!

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आमचे एक धर्मग्रामस्थ मे महिन्याच्या सुट्टीत गावी आले असता मला भेटावयास आले. मी स्वतः काही वर्षे तिकडच्या एका धर्मग्रामात सेवा केलेली असल्यामुळे बोलणे साहजिकच तिकडच्या संसाराकडे वळले आणि तेथून त्यांच्या घरी असलेल्या बिअरच्या पिंपाकडे. "फादर, सगळी फसवणूक आहे," ते म्हणाले. "दोनदा बिअर केली, दोन्ही वेळा आंबून शिरका झाला. पिंपच टाकाऊ निघाले." शेजारी आमचे दुसरे एक सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी तत्काळ निकाल दिला : "झाले ते बरेच झाले! ख्रिस्ती माणसाच्या घरात असली वस्तू हवीच कशाला? आणि धर्मगुरूंनी त्यात रस घ्यावा हे तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. माझ्या झग्याची भीड पडली असावी.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. त्या दिवशी चहा पुढे आल्यामुळे ते राहून गेले, म्हणून आज लिहितो.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा पुढील मजकूर वाचून कोणी वसईच्या किंवा मुंबईच्या घरात पिंप आणून ठेवू नये. इंग्लंडची गोष्ट निराळी. तेथे १८८० साली ग्लॅडस्टनच्या कारकिर्दीत घरगुती बिअर करणाऱ्यांवर परवान्याचे बंधन आले, आणि १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी बिअर करावयास तेथे कोणाची अनुज्ञा लागत नाही. मात्र ती विकता येत नाही. आपली जी कुटुंबे तिकडे नांदत आहेत, त्यांच्याकरिता आणि त्यांच्या इकडे काळजी करीत बसलेल्या आईवडिलांकरिता हा लेख आहे.

दुसऱ्या सद्गृहस्थांचा आक्षेप प्रथम घेतो, कारण त्याला फार वेळ लागणार नाही. रोमन विधिग्रंथात बिअरवर उच्चारावयाची आशीर्वादाची प्रार्थना आहे. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीचे चाळिसावे प्रकरण पेयाच्या मापाला वाहिले आहे. संन्याशांनी द्राक्षारस मुळीच न घेणे बरे हे त्याला ठाऊक होते. पण आपल्या काळातील संन्याशांना तेवढे पटवता येत नाही हेही तो जाणून होता. म्हणून त्याने दिवसाला एक 'हेमिना', म्हणजे अदमासे पाव लिटर, एवढे माप घालून दिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही अतिरेक टाळण्याची आज्ञा आहे आणि त्या यादीत मद्याबरोबर अन्न, तंबाखू आणि औषधेही आहेत. वस्तू पापी नाही, मापाचे उल्लंघन पापी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. ती ज्यांना सैल वाटते त्यांनी 'माप' हा शब्द पुन्हा वाचावा. मी त्याच्याकडे शेवटी वळणारच आहे, आणि तेव्हा हे सद्गृहस्थ माझ्यावर इतके नाराज राहणार नाहीत.

आता पिंपवाले गृहस्थ. त्यांना माझा पहिला प्रश्न : पिंप निवडले कसे? उत्तर मला ठाऊक आहे. सर्वांत स्वस्त होते म्हणून. ही प्लास्टिकची पिंपे बहुधा पाच गॅलनांची, म्हणजे सुमारे २३ लिटरांची असतात. इंग्रजी हिशेबाने चाळीस पाइंट. दिसावयास सगळी सारखीच. परंतु काहींचे तोंड दोन इंचांचे असते, तर काहींचे चार इंचांचे, आणि या दोन इंचांत निम्मी कथा आहे. दोन इंची तोंडाचे झाकण घट्ट बसते, वायू सहसा गळत नाही. पण आत हात जात नाही, त्यामुळे तळाला वाळलेला यीस्टचा थर पाणी हलवूनच काढावा लागतो. चार इंची तोंडातून हात घालून पिंप आतून पुसता येते. पण तेवढ्या मोठ्या झाकणाखालचे रबर जरा वाकडे बसले की वायू रात्रीतून निघून जातो. ज्याला धुण्याचा कंटाळा आहे त्याने चार इंची घ्यावे आणि रबराची काळजी वाहावी. दोन्ही कंटाळे ज्याला आहेत त्याने पिंप घेऊच नये. दुकानदार मात्र हे सांगत नाही. 'काही करावे लागत नाही' असे सांगून तो माल खपवतो. माझा खरा राग या 'काही करावे लागत नाही'वर आहे.

तोटीचेही तसेच. काही पिंपांची तोटी तळाशी असते, काहींची वर झाकणाजवळ. वरच्या तोटीला आतून एक नळी जोडलेली असते, तिचे टोक तरंगणाऱ्या भोपळ्याला बांधलेले असते आणि ते नेहमी पृष्ठभागालगतची स्वच्छ बिअर ओढते. तळची तोटी गळू लागली की सकाळी सगळी बिअर जमिनीवर. वरची तोटी गळली तर जातो तो केवळ वायू. मी वरच्या तोटीच्या पक्षाचा आहे, जरी ती महाग पडते.

पिंपातील दाब येतो कोठून हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या लोकांची चूक येथेच होते. आपल्या आज्या नाताळासाठी मनुकांचा द्राक्षारस चिनी मातीच्या बरणीत घालीत आणि तोंडाला फडके बांधीत. फडक्यातून वायू निघून जाई. बरणीला धोका नव्हता. आपली मुले ती आठवण मनात घेऊन पिंपाकडे पाहतात. पण पिंपाचा सारा हेतूच उलटा आहे : वायू आत कोंडून ठेवणे. बिअर आधी वेगळ्या उघड्या भांड्यात पुरती आंबवून घ्यावी लागते. हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही म्हणजे आंबणे संपले असे समजावे. मग ती पिंपात ओतून ७० ते ८५ ग्रॅम साखर घालावी आणि झाकण लावावे. एवढ्याशा साखरेतून वीस लिटरांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आंबणे अपुरे असताना पिंप बंद केले किंवा 'फेस जास्त यावा' म्हणून साखर दुप्पट घातली, तर किती वायू कोंडला जाईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ही पिंपे चौरस इंचाला १० पौंडांच्या आसपासच्या दाबासाठी केलेली असतात. त्यापुढचा वायू सोडून देण्यासाठी झाकणावर पितळी झडप असते, आणि तिच्या बारीकशा भोकावर रबराचे एक इवलेसे कडे चढवलेले असते. सारी सुरक्षितता त्या कड्यावर. ते सुकले, चिकटले किंवा कोणी शहाण्याने 'येथून गळते' म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली की पिंपाची पोटे फुगू लागतात. तशी गुंडाळलेली चिकटपट्टी मी डोळ्यांनी पाहिली आहे. जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस घालू नये हे आपण दरवर्षी मिस्सेत ऐकतो, त्यावरील प्रवचनही ऐकतो. पण बुधला का फुटतो हा प्रश्न विचारलेला मी क्वचितच ऐकला. आंबणाऱ्या रसाचा वायू फुगतो आणि जुन्या कातड्यात ताण सोसण्याची लवचीकता उरलेली नसते. प्रभूचे श्रोते हे घरच्या अनुभवाने जाणत होते.

रबराविषयी आणखी एक वाद. झाकणाखालच्या वॉशरला व्हॅसलीन चोळा असे तिकडचे अनुभवी लोकही सांगतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. खनिज तेलापासून केलेले मलम नैसर्गिक रबराला फुगवते आणि कालांतराने कुजवते. खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉनचे ग्रीस मिळते, ते बोटभर लावावे. झाकण हातानेच आवळावे, पान्याने नव्हे. अति आवळले की वॉशर दबून बाहेर सरकतो आणि गळती वाढते. मग गृहस्थ अधिक आवळतात. वर्षाला एक वॉशर आणि एक झडपेचे कडे नवे घालावे. त्याचा खर्च बिअरच्या दोन बाटल्यांइतकाही नसेल. बिअर ओतण्याआधी थोडे पाणी भरून, वायू सोडून, पिंप उलटे करावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. दहा मिनिटांचे काम.

धुण्याच्या बाबतीत मी माझाच गुन्हा कबूल करतो. तिकडच्या निवासस्थानी एका कुटुंबाने मला वापरलेले पिंप भेट दिले होते. ईस्टरनंतर ते रिकामे झाले. 'उद्या धुऊ' म्हणता म्हणता पेन्टेकॉस्टचा सण आला. झाकण उघडले तेव्हा आलेला वास मी येथे वर्णन करीत नाही. मी घाईने त्यात उकळते पाणी ओतले आणि प्लास्टिक मऊ होऊन तोंडाची गोलाई बिघडली. पुढे कोणतेही झाकण त्यावर नीट बसले नाही. शिवाय तारेच्या काथ्याने घासून आत ओरखडे काढले होते, ते वेगळेच. त्या ओरखड्यांत जंतू घर करतात आणि मग कितीही धुतले तरी निघत नाहीत. रिकामे झाल्याच्या दिवशीच गार पाण्याने विसळणे, तोटी सुटी करून तिचे पोट साफ करणे, सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात भिजत ठेवणे, मऊ फडक्याने पुसणे आणि झाकण न लावता कोरडे ठेवणे, एवढेच मी करावयास हवे होते. क्लोरीनचे द्रव्य वापरणाऱ्याने ते पुष्कळ पाण्याने काढावे, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. आणि त्या द्रव्यात व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

माझ्या पाहुण्यांची बिअर आंबट का झाली, तेही आता सांगता येईल. मी त्यांना विचारले, "बिअर काढताना तोटी गटगट आवाज करीत होती का?" म्हणाले, "हो, शेवटी शेवटी रोजच." तोच तो चोर. बिअर काढू तसा आतला दाब उतरतो. तो बाहेरच्या हवेहून कमी झाला की तोटीतून हवा आत शिरते, आणि हवेतील प्राणवायू मिळाला की जिवाणू मद्याचा शिरका करतात. प्रवाह मंदावला की थांबावे आणि झाकणावरील झडपेतून छोट्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड सोडावा, हा साधा नियम. त्यांनी नळकांडे विकतच घेतले नव्हते. तेव्हा फसवणूक पिंपाने केली की पिंपाची झाली?

कोणी म्हणतील, मग पोलादी पिंप घ्यावे. शीतपेयांच्या धंद्यासाठी केलेली एकोणीस लिटरांची ती उंच पिंपे उत्तम असतात, त्यांतून हवा झिरपत नाही, ती आयुष्यभर टिकतात. प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत येतोच, म्हणून त्यातली बिअर काही आठवड्यांत संपवावी लागते. पण पोलादी पिंपाला मोठे नळकांडे आणि दाबनियंत्रक लागतो. ज्याने दोन रुपयांचे रबर बदलले नाही त्याने दोनशे पौंडांचे सामान घेऊन काय साधणार?

आणि आता मापाची गोष्ट. 'संपवावी लागते' हे शब्द मी आत्ताच लिहिले, आणि ते लिहिताना माझा हात अडखळला. बाटली मोजता येते. पत्नीला दिसते, मुलांना दिसते, सकाळी कचऱ्यात तिचा आवाज होतो. पिंपाला मोजणी नाही. तोटी फिरवली की पेला भरतो, आणि अपारदर्शक प्लास्टिकमागे किती उरली ते पिणाऱ्यालाही कळत नाही. त्यात 'आता उघडले आहे, खराब होईल' ही सबब घरात तयारच असते. तिकडे असताना मी एका घरी आजाऱ्याला पवित्र साक्रामेंत द्यावयास जात असे. आजारी म्हणजे त्या घरचा कर्ता पुरुष, वय पन्नाशीच्या आत. यकृत गेलेले. पिंप त्याच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होते. ते अतिशय स्वच्छ होते, वॉशर नवा होता, बिअर उत्तम होत असे असे त्याची बायको मला म्हणाली. तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही.

म्हणून पिंप घेऊ इच्छिणाऱ्याला मी एक प्रश्न विचारतो, जो कोणताही दुकानदार विचारणार नाही : तुमच्या घरी माणसे येतात का? चाळीस पाइंट हे एका माणसाचे माप नव्हे. ते बाप्तिस्म्याचे, वाढदिवसाचे, रविवारच्या मिस्सेनंतर शेजाऱ्यांना बोलावण्याचे माप आहे. कानाच्या लग्नातील सहा दगडी रांजणांचा दाखला मला वारंवार ऐकवला जातो. तो ऐकवणारे हे विसरतात की रांजण लग्नघरात होते, झोपण्याच्या खोलीत नव्हते. एकट्याने पिणाऱ्याने पिंप घेऊ नये. त्याने बाटल्या भराव्यात, थोड्या भराव्यात, आणि रिकाम्या बाटल्या उघड्यावर ठेवाव्यात. ज्यांच्या घरात आजोबांपासून दारूने माणसे नेली आहेत त्यांनी बाटल्याही भरू नयेत. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही; अशा घरांतील अंत्यविधी मी केलेले आहेत.

इकडच्या आईवडिलांना एवढेच सांगतो की मुलाने फोनवर पिंप घेतल्याचे सांगितले तर लगेच कपाळाला हात लावू नये. झडपेचे कडे बदलले का, असे विचारावे, आणि त्याच दमात, रविवारी कोण कोण आले होते, असेही विचारावे.

आमचे पाहुणे सुट्टी संपवून परत गेले. परवा त्यांचे पत्र आले. पिंपाचे तोंड दोन इंचीच निघाले, आतला थर काही केल्या सुटला नाही. त्यांनी ते मागच्या अंगणात परसाच्या कडेला उभे केले आहे, पावसाचे पाणी साठवण्यासाठी. पत्नी त्यावर टोमॅटो शिंपते. तोटी, लिहितात, अजून थोडी गळते.