कामगाराचे दुखणे ऐकणार कोण?

सुरतेच्या यंत्रमागांवर बारा-बारा तास उभा राहणारा ओडिया कामगार जुनाट कंबरदुखी घेऊन दवाखान्यात जातो. डॉक्टरांची भाषा निराळी, रांग लांब. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही की वेदनाशामक गोळ्या आणि वर कामचुकारपणाचा संशय! वस्तुतः अशा दुखण्याचे कारण चित्रात पुष्कळदा सापडतच नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, रुग्णाच्या सांगण्याचा मान राखावा, असे स्पष्ट नमूद केले आहे. दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे. रांग संपविण्याच्या घाईत त्यांना ऐकण्यास उसंत कोठली? अधिक डॉक्टर, दुभाष्यांची नेमणूक आणि प्रत्येक तपासणीत कामाच्या स्वरूपाची विचारपूस, या मागण्या कामगार संघटनांनी मजुरीच्या मागणीइतक्याच नेटाने रेटल्या पाहिजेत.