बंद करा, चालू करा

आजच्या काळातला सर्वांत फसवा मंत्र कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘बंद करून चालू करा.’ या मंत्राला सोवळं लागत नाही, अक्कल लागत नाही. एक बोट पुरतं. आणि नेमकं तेवढ्याचसाठी माझं त्याच्याशी भांडण आहे.

मी बँकेत कारकून आणि आमच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचा बिनपगारी खजिनदार. संस्थेचं कार्यालय म्हणजे दीड खोली. तीत पाच टेबलं, पाच संगणक आणि सगळ्यांत मिळून इंटरनेटची एक जोडणी. चाळीतल्या जिन्यावरचा दिवा सगळ्यांचा असतो, म्हणून बल्ब कोणीच आणत नाही. या जोडणीचंही तसंच झालं.

रोज दुपारी एकच्या सुमारास नेट जायचं. लगेच आरोळी, ‘‘मामा, डबी बंद करा!’’ आमचे शिपाईमामा स्टुलावर चढून फळीवरच्या राउटरचं बटण दाबायचे. पुन्हा दाबायचे. अर्ध्या तासात नेट यायचं आणि बटणाचा महिमा वाढायचा. मधल्या वेळात आलेल्या सभासदाला ठरलेलं उत्तर : ‘नेट नाही, उद्या या.’ आता सभासद येणार कधी? त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे बरोबर एक वाजता!

दुसऱ्या शाखेत सफाईकाम करणाऱ्या एक बाई मुलीच्या फीसाठी तातडीचं कर्ज मागायला आल्या. दोनदा ‘उद्या या’ ऐकून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘‘साहेब, नेट कधी असतं तेवढं सांगा, तेव्हा येते. रोज रिक्षा परवडत नाही.’’ प्रश्न साधा होता. पाच पदवीधरांपैकी एकालाही उत्तर येत नव्हतं.

कंपनीचा माणूस येऊन ‘लाइन ठीक आहे’ म्हणून गेला. कार्यकारिणीने ठराव करून नेटची गती दुप्पट करून घेतली. नेट दुप्पट गतीने जाऊ लागलं. ‘तुम्ही बटण नीट दाबत नाही’ म्हणून मामांनी बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

शेवटी मी कारकुनाचं हत्यार काढलं : वही. बटणाला हात लावायला मनाई केली आणि लिहू लागलो. तारीख, वेळ, कोणाचं नेट गेलं, कोणाचं नाही. आठ दिवसांत वही बोलू लागली. सचिवांचा संगणक राउटरला वायरने जोडलेला. त्याचं नेट एकदाही गेलं नव्हतं. सचिव एकला घरी जेवायला जात, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे लाइन निर्दोष, घोटाळा हवेत. आणि अंगारकीला तर कुणाचंच नेट गेलं नाही. मामा म्हणाले, ‘‘बाप्पाची कृपा.’’ कृपा खरीच! सगळ्यांना उपास, त्यामुळे एकही डबा गरम झाला नव्हता.

राउटरच्या फळीखाली मायक्रोवेव्ह. तो चालतो सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर आणि आमचं वायफाय २.४ च्याच पट्ट्यात. मायक्रोवेव्हमधून निसटतात त्या लहरी थोड्याच; पण राउटरचा आवाज त्याहून बारीक. बँडशेजारी बसून मंगलाष्टकं ऐकण्यातला प्रकार. पेलाभर पाणी आत ठेवून मायक्रोवेव्ह लावला, नेट गेलं, थांबवला, आलं. म्हणजे इतके दिवस नेट येत होतं ते बटणामुळे नव्हे, शेवटचा डबा गरम झाल्यामुळे. आणि तो शेवटचा डबा, सांगायला लाज वाटते, माझा असे.

तुम्ही म्हणाल, बंद-चालू केल्यावर कधीकधी खरंच सुरू होतं. होतं की! पण बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं : तेरीज जुळली नाही तर फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाका आणि चूक शोधा. बहुतेकांनी वाक्याचा पूर्वार्धच पाठ केला. बंद-चालू हे सस्पेन्स खातं आहे. पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दिवे लावून बसणारी आमची जमात; पण एका बाईचे तीन दिवस कुठे खर्ची पडले, हे बघायला कुणी बसत नाही.

मायक्रोवेव्ह आता पॅसेजमध्ये आहे आणि सगळे संगणक वायरने जोडले आहेत. वही मात्र फळीला सुतळीने बांधून ठेवली आहे. नेट गेलं तर आधी तीत वेळ आणि कारण लिहायचं. कारण लिहिता येत नसेल तर सभासदाला ‘उद्या या’ म्हणायचं नाही. त्याला खुर्ची द्यायची आणि आपण उठायचं.