हनुवटीवरचे गोंदण

कॅनडाच्या उत्तरेस, आर्क्टिक महासागरात विखुरलेल्या बेटांमध्ये डेव्हन नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर. कायमचा रहिवासी मात्र एकही नाही. जगातील सर्वांत मोठे निर्जन बेट ते हेच. पूर्व भाग प्रचंड हिमावरणाखाली झाकलेला, तर पश्चिमेस उजाड, खडकाळ पठार. तेथे उल्कापाताने झालेले, सुमारे २० किलोमीटर व्यासाचे हॉटन विवर आहे. तेथील रुक्षता मंगळाची आठवण करून देते, म्हणून १९९७ पासून शास्त्रज्ञांनी तेथे मंगळमोहिमांचे प्रयोग केले.

१८१९-२० च्या मोहिमेत विल्यम एडवर्ड पॅरी या इंग्रज दर्यावर्द्याने बेटाचा दक्षिण किनारा नकाशावर आणला आणि आपल्या देशातील डेव्हन परगण्यावरून त्यास ‘उत्तर डेव्हन’ म्हटले. त्या किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुनीला १६१६ साली विल्यम बॅफिनने लँकेस्टर हे नाव दिले होते. हे जेम्स लँकेस्टर म्हणजे १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीचे नेतृत्व करणारे गृहस्थ! पूर्वेच्या व्यापाराची जवळची वाट शोधताना इंग्रज या हिमसागरात शिरले होते.

परंतु बेट काही नावावाचून पडलेले नव्हते. इनुइट लोक त्यास ‘ताल्लुरुतित’ म्हणतात. हा शब्द हनुवटीवरील गोंदणाचा. दुरून पाहता भूमीवर दिसणाऱ्या रेषा त्यांना स्त्रीच्या मुखावरील गोंदणासारख्या भासल्या. आजीच्या हनुवटीवरचे हिरवे ठिपके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाव निराळे समजावून सांगावयास नको.

निर्जनतेलाही इतिहास असतो. बेटावर प्राचीन वस्त्यांचे अवशेष आहेत. १९३४ साली हडसन्स बे कंपनीने बॅफिन बेटावरील पन्नासहून अधिक इनुइटांना येथील डंडास हार्बर येथे आणून वसविले. बर्फाची स्थिती शिकारीस प्रतिकूल ठरली आणि १९३६ मध्ये त्यांना तेथून हलविण्यात आले. त्यांतील कित्येकांना मूळ गावी न नेता आणखी दुसऱ्याच ठिकाणी ठेवण्यात आले.

२०१९ मध्ये या सागरी प्रदेशाच्या संरक्षणाचा करार झाला. त्याचे नाव ‘ताल्लुरुतिउप इमंगा’, म्हणजे ताल्लुरुतितभोवतीचे पाणी. पॅरीने दिलेल्या नावात त्याचे दूरचे घर होते. इनुइटांच्या नावात समोरची भूमी आहे. वाचकहो, एखादे स्थळ निर्जन आहे असे वाचाल, तेव्हा त्याचे जुने नाव काय, हेही अवश्य विचारा. नाव ठेवणारे तेथे कधीतरी येऊन गेलेले असतात.