पेटी चालते, गिटार का नाही?

आमच्या नात्यागोत्यात सध्या एक वाद पेटलाय. निमित्त झालं 'अभंग रिपोस्ट' या बँडच्या गाण्यांचं. ही मुंबईकडची तरुण मंडळी. सिनेमाचा टेकू न घेता आपल्या हिमतीवर गाणाऱ्या अशा बँडना 'इंडी' म्हणतात, हे ज्ञान मला नातवाने दिलं. (इंडी म्हणजे इंडिपेंडंट बरं का, इंडियन नव्हे!) तर हे लोक संतांचे अभंग गातात आणि सोबतीला इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम घेतात. ठेका कधी रॉकचा, कधी रेगेचा.

नातवाने ती गाणी उत्साहाने घरातल्या सगळ्यांना पाठवली आणि नाशिकहून धाकट्या भाऊजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत. तुम्ही तरी मुलाला समजवा. ही संतांची विटंबना आहे." मग मामेसासऱ्यांनी री ओढली, नणंदेने हात जोडल्याची चित्रं पाठवली. यातल्या किती जणांनी गाणी पुरती ऐकली होती, ते पांडुरंगालाच ठाऊक.

मी ऐकली. कानाला यंत्र लावून, तीन-तीन वेळा ऐकली. आणि आता जे म्हणायचंय ते फोनवर न मावणारं आहे, म्हणून इथे लिहितेय.

भाऊजींचा पहिला आक्षेप असा की गिटार परदेशी वाद्य आहे, अभंगाला शोभत नाही. ठीक. मग आपल्या भजनी मंडळातली पेटी कुठल्या गावची? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपात घडली, पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारून वाजवायची. आपल्याकडे ती पाद्र्यांबरोबर आणि साहेबांबरोबर आली. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल अशी पेटी बनवली आणि ती देशभर पसरली. तेव्हा जाणकारांनी तिला डोक्यावर घेतलं म्हणता? छे! तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. ती बंदी १९७१ पर्यंत होती. म्हणजे मी बी.ए.ला होते तोवर सरकारदरबारी पेटी अस्पृश्य होती, आणि त्याच काळात आमच्या गावच्या देवळात एकादशीला तीच पेटी रात्रभर वाजत होती! आज पेटीशिवाय भजनाला बसा म्हटलं, तर हेच भाऊजी म्हणतील, परंपरा मोडली.

वाद्यांच्या सोवळ्याबद्दल वसईच्या माणसाने तरी बोलू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरला. भाऊजी गोदावरीवर जातात तेव्हा नारोशंकराची घंटा पाहून हात जोडतात. ती पोर्तुगीज घंटा आहे. तिने देऊळ बाटलं नाही.

उलट दिशेचंही एक उदाहरण देते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्याने चक्क ओवीत बांधली. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. ज्ञानेश्वरीचा छंद परधर्मातल्या कथेला दिला, म्हणून ओवी विटाळली का? माझ्या वर्गात वसईतली ख्रिस्ती मुलं असत. त्यांना ओवी शिकवताना मी हे पुराण आवर्जून सांगायची आणि मागच्या बाकावरच्या माना वर यायच्या.

दुसरा आक्षेप, रॉक हे दारू पिऊन नाचायचं संगीत. आता थोडं अमेरिकेत जाऊ. रॉकच्या मुळाशी जी नावं घेतात त्यात एक आहे सिस्टर रोझेटा थार्प. कृष्णवर्णीय बाई, चर्चमध्ये देवाची गाणी गात वाढलेली. तिने १९३०-४०च्या दशकांत इलेक्ट्रिक गिटार घेऊन भक्तिगीतं गायली आणि तीच गाणी ती नाइटक्लबांतही गाऊ लागली. चर्चमधली सोवळी मंडळी तेव्हा चिडलीच. पुढच्या रॉकवाल्यांनी तिच्यापासून शिकून घेतलं आणि २०१८ साली, ती जाऊन ४५ वर्षं झाल्यावर, रॉकवाल्यांच्या मानाच्या यादीत तिचं नाव लागलं. म्हणजे ज्या गिटारचा भाऊजींना राग येतो, ती निदान एका दाराने तरी देवाच्या घरातूनच बाहेर पडलेली आहे. आता ती विठोबाच्या दारात आली तर पाहुणी नव्हे, माहेरवाशीण समजा!

आता मराठीची बाई म्हणून थोडं व्याकरण. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं आणि चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे पुढे एक पोकळी राहते. भजनी मंडळात ती टाळ भरून काढतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचा ठेका चाराचा. चार दुणे आठ! त्यामुळे ड्रम अभंगाच्या अंगावर चढत नाही, अंगाशी बसतो. आणि ती चौथ्या चरणानंतरची पोकळी इथे गिटार भरते. मी बोटांवर अक्षरं मोजत ऐकत होते, नातू हसत होता. पण छंद कुठेही मोडत नव्हता. छंद सांभाळून म्हटलेल्या अभंगाला विटंबना म्हणायचं असेल, तर आपल्या कितीतरी नामवंत भावगीतवाल्यांची आधी झडती घ्यावी लागेल.

आणि पावित्र्याचं म्हणाल, तर विरार लोकल आठवा. मी ३१ वर्षं बोरिवलीच्या शाळेत जा-ये केली. सकाळच्या गाडीत पुरुषांच्या डब्यातून भजन ऐकू यायचं आणि आमच्या लेडीज डब्यातल्या बायकाही मागे नव्हत्या. टाळ पिशवीत, पखवाज म्हणजे डब्याचा पत्रा. पायात चपला, खांद्याला डबा, एका पायावर उभं राहून गायचं. त्या पत्र्याला कुणी सोवळं विचारलं नाही. आमचं बायकांचं भजनी मंडळ निघालं, तेव्हा मात्र एका बुजुर्गांनी विचारलंच होतं, "बाईमाणसाने पखवाज वाजवायचा?" वाजवला. अजून वाजवतोय.

तेव्हा अभंग राखायला निघालेल्यांनी जरा मागे वळून पाहावं. परंपरा सांगते की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, कारण अधिकार नसलेल्या माणसाने वेदाचा अर्थ प्राकृतात सांगू नये असा शास्त्र्यांचा दंडक होता. विरोध करणारे वाघोलीचे रामेश्वरभट. पुढे तेच शिष्य झाले आणि आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांच्याच नावाची आहे. 'याला अधिकार काय?' हा प्रश्न घेऊन जे उभे राहतात, ते कुणाच्या रांगेत उभे आहेत हे त्यांनी ओळखावं. रामेश्वरभटांना निदान पुढे रांग बदलायची बुद्धी झाली.

इतकं बोलून झाल्यावर नातू खूश झाला. म्हणाला, "आजी, तू आमच्या पार्टीत!" थांब म्हटलं, तुझ्याही लोकांचा समाचार घ्यायचाय.

या गाण्यांचं कौतुक करणारे म्हणतात, अभंग आता 'कूल' झाले, आता कुठे तरुणांपर्यंत पोहोचले. हे मला भाऊजींच्या रागापेक्षा जास्त झोंबतं. दर आषाढीला लाखो माणसं पंढरपूरला चालत जातात, त्यात विशीतली मुलं-मुली काय थोडी असतात? अभंग पोहोचलेलेच होते. पोहोचले नव्हते ते इंग्रजी शाळांच्या आणि बंद फ्लॅटच्या आत, आणि तो दोष अभंगांचा नाही, आपला आहे. तुकोबांना गिटारचं प्रशस्तिपत्र नको. गिटारला तुकोबा मिळाले, हे तिचं भाग्य.

आणि खरी तक्रार पुढेच आहे. ती एकट्या या बँडबद्दल नाही, आषाढी आली की अभंगांना नवे कपडे शिवणाऱ्या सगळ्यांबद्दल आहे. ड्रम चढला की शब्द बुडतात. 'ळ'चा 'ल' होतो. शेवटच्या चरणात संताचं नाव येतं, ते ओरडून निघून जातं. अहो, ती सही आहे! आणि निवड पाहाल तर गोड गोड. सावळं रूप, चंद्रभागा, नामाचा गजर. सुंदरच आहे ते. पण रॉक हे चिडलेल्या माणसांचं संगीत म्हणता ना? मग आपल्या संतांचा राग कुठे गेला? भोंदू साधूंना सोलून काढणारे तुकोबा कुठे आहेत? विठ्ठलालाच खडसावणारी जनाबाई? देह ज्यातून जन्मला त्यालाच विटाळ कसा म्हणता, असं विचारणारी सोयराबाई? हे गायला एवढा मोठा आवाज कुणाकडे होता? टाळांकडे नव्हता. तुमच्याकडे आहे.

त्या दिवशी बोलता बोलता चोखोबांचा विषय निघाला. नातवाने विचारलं, "एवढा भक्त, मग देवळात का नाही गेला?" मी त्याला सांगितलं, जाऊ दिलं नाही. समाधीसुद्धा देवळाबाहेर. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. नातू गप्प झाला. इंग्रजी माध्यमातला, मराठी अडखळत वाचणारा मुलगा. पाठ्यपुस्तकातून हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. तो गाणं ऐकता ऐकता पडला.

म्हणून भाऊजी, मी मुलाला समजावणार नाही. उलट तो ऐकेल ते त्याच्याबरोबर ऐकणार आहे आणि प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ त्याच्याकडून वदवून घेणार आहे (सवय जात नाही!). अभंग गिटारने बाटत नाही, पेटीने बाटला नाही, पत्र्याने बाटला नाही. तो न कळता गायला की मरतो, आणि अशी मरणं मी सोवळ्यात बसलेल्या भजनांतही पुष्कळ पाहिली आहेत.

आणि बँडवाल्या मुलांनो, माझ्या नातवाच्या वयाचे आहात म्हणून हक्काने सांगते. आवाज वाढवा, खुशाल वाढवा. पण पुढच्या वेळी सोयराबाई घ्या, आणि तिचं नाव असं म्हणा की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.